पिल्लाचा खर्च नेमका कुणाच्या खात्यात?

मागच्या आठवड्यात देवबागहून एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या अंगठ्यावर दाताची दोन बारीक छिद्रे होती. पाच दिवसांची, जवळजवळ भरत आलेली. घरच्यांनी त्यावर हळद भरली होती. रापणीच्या जागी सापडलेले कुत्र्याचे पिल्लू मुलाने घरी आणले होते आणि खेळता खेळता ते चावले होते. वडील आले होते तेही शेजारणीने पाठवले म्हणून. केसपेपर हातात धरून ते मला म्हणाले, "डॉक्टरानू, पिल्लू ता. दात तरी खंय इले नीट! तेच्यासाठी चार-चार फेरे कित्याक?"

पिल्लू कुठे आहे, असे मी विचारले. "मेला परवा. वाळूत पुरलाव."

त्यानंतर तासभर मी घरातल्या माणसांची यादी करत होते. पिल्लाला कोणी कोणी हाताळले, कोणाला ओरखडे आले, कोणाच्या तोंडाला त्याने चाटले, कोणी हाताने दूध भरवले. नऊ जणांपैकी सात जणांना लस द्यावी लागली. त्वचेत देण्याच्या पद्धतीने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मिळून प्रत्येकी चार फेऱ्या होतात. (पहिली सुई शून्यावा दिवस धरायची असते, त्यामुळे घरी मोजताना लोकांचा एक दिवस हमखास चुकतो.) सात चोक अठ्ठावीस फेऱ्या. मुलाच्या जखमेतून रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. ते पिल्लू रेबीजने गेले की पार्व्होच्या जुलाबाने, हे आता कधीच कळणार नाही. रेबीजचे खात्रीशीर निदान मेलेल्या जनावराच्या मेंदूच्या तपासणीतून होते, आणि ते तर वाळूत पुरलेले.

हे सगळे सरकारी रुग्णालयात मोफत होते. मोफत म्हणजे त्या कुटुंबाला केसपेपरपुरते. खर्च होतोच, तो फक्त दुसऱ्या खात्यात मांडला जातो. हा लेख त्या खात्यांच्या हिशेबाबद्दल आहे.

सध्या हंगाम पिल्लांचा आहे. आपल्याकडे कुत्र्यांचा माज साधारण भाद्रपदाच्या आसपास असतो, गर्भधारणा सुमारे ६३ दिवसांची. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले होतात आणि वळणावळणावर, मासळी बाजाराच्या मागे, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर ती दिसू लागतात. नाताळात पर्यटक येतात, त्यांची मुले या पिल्लांना बिस्किटे घालतात. एखादे घरी येते. परवडेल का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही, कारण पिल्लू फुकट मिळालेले असते.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी असेच एक आले. टिपू. रुग्णालयाच्या क्वार्टर्सच्या गेटपाशी कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून गेले होते. मला सवय म्हणून मी पहिल्या वर्षाचा खर्च वहीत लिहून ठेवला. जेवण महिन्याला साधारण १२०० रुपये, म्हणजे भात, अंडी, कोंबडीचे उरलेले तुकडे, कधीमधी पाकीटबंद खाद्य, वर्षाचे १४,४००. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंच्या एकत्रित लसीचे तीन डोस, २४०० रुपये. जंतांचे औषध ३००. गोचिडांचे औषध सहा महिने, २४००. पट्टा, साखळी, भांडी १०००. दवाखान्यात नेण्या-आणण्याची रिक्षा १५००. तिसऱ्या महिन्यात काहीतरी खाऊन आजारी पडला, तेव्हा सलाइन आणि औषधांचे ४५०० रुपये. नसबंदी खासगीत ५०००. आणि रेबीजच्या लसीचे दोन डोस, डॉक्टरांच्या फीसकट ५००.

एकूण ३२,००० रुपये. जातिवंत कुत्रा विकत घेतला असता तर त्याची किंमत वेगळी, आणि कोकणच्या दमट हवेत लांब केसांच्या जातींचे कातडीचे आजार वेगळे. (सायबेरियन हस्की मालवणात आणणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.)

या आकड्यांत गाव, दुकान आणि दवाखाना यांनुसार फरक पडेल. प्रमाण मात्र फारसे बदलणार नाही. बत्तीस हजारांत रेबीजचे पाचशे. वहीतली जवळजवळ सर्वांत छोटी नोंद. आणि माझा अनुभव असा, की काटकसर करायची वेळ आली की तीच पहिली गळते. कारण उघड आहे. जेवण चुकले तर कुत्रा भुंकतो, गोचीड झाले तर ओटीवर दिसतात, जुलाब झाले तर घर घाण होते. रेबीजची लस चुकली तर काहीच होत नाही. एक वर्ष, दोन वर्षे काहीच होत नाही. ज्या दिवशी होते त्या दिवशी तो खर्च मालकाच्या वहीत राहत नाही, आमच्याकडे येतो.

आमच्याकडे येतो तो किती? केंद्र सरकारच्या नोंदींनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख १७ हजार घटना नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राच्या सुमारे ४ लाख ८५ हजार, म्हणजे राज्यांच्या यादीत आपण वर आहोत. नोंद न झालेल्या चाव्यांची भर घातली तर आकडा फार वाढतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून निघालेला अंदाज वर्षाला ९१ लाख प्राणीदंशांचा आहे, त्यांतले दर चारांतले तीन कुत्र्यांचे. रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा त्याच अभ्यासातला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा होता. आकडा खाली आला असेल तर त्याचे मोठे श्रेय माणसांना वेळेवर मिळणाऱ्या लसीला आहे, असे मला वाटते. पण हे म्हणजे गळक्या छपराखाली दरवर्षी नवी भांडी मांडण्यासारखे झाले.

यातला चावणारा कुत्रा म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा मोकाट कुत्रा येतो. केसपेपर लिहिताना मी नेहमी विचारते, कुत्रा कोणाचा? "आमचोच", "शेजाऱ्याचो", "वाडीतलो, सगळेच जेवाक घालतत" ही उत्तरे मला वारंवार मिळतात. कोकणातला कुत्रा बहुधा घरचाही असतो आणि रस्त्यावरचाही. ओटीवर झोपतो, दिवसभर बागेत आणि किनाऱ्यावर हिंडतो. जेवायला घालणारे पाच, लस टोचणारा कोणी नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक स्वराज्य संस्थेची. आमचा कुत्रा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसतो. मालकाने जनावराबाबत हलगर्जी करून दुसऱ्याला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्यासाठी आधी कोणीतरी "होय, माझो कुत्रो" म्हणायला हवे.

२०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळे मोकाट कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश आला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी, लस आणि जंतनाशक देऊन जिथून उचलले तिथे परत सोडा, रेबीजचे लक्षण असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडू नका. मग ७ नोव्हेंबरचा आदेश. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातले कुत्रे हटवायचे, ते परत तिथे सोडायचे नाहीत, आवाराला कुंपण घालायचे. आणि रुग्णालयांनी रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन कायम शिल्लक ठेवायचे.

सरकारी रुग्णालयात नोकरी करणारी म्हणून मला या शेवटच्या भागाचे स्वागतच आहे. अपघात विभागाच्या व्हरांड्यात, कुत्रा चावलेल्या रुग्णाच्या बाकाखाली दुसरा कुत्रा झोपलेला, हे दृश्य मी अनेक वर्षे पाहिले आहे. कुंपण हवेच. पण हटवलेले कुत्रे ठेवायचे कुठे आणि त्यांच्या जेवणाचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, हे एखाद्या नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्याला विचारून पाहा. मी वर टिपूच्या जेवणाचा खर्च दिला आहे. तो निम्मा धरला आणि पन्नास कुत्रे धरले तरी वर्षाला साडेतीन लाखांच्या वर जातो. त्यात जागा, माणूस, डॉक्टर काहीच नाही. तेवढ्या पैशांत किती कुत्र्यांना लस टोचता येईल, हा भागाकार सोपा आहे. शिवाय लस टोचलेला कुत्रा उचलला की त्याची जागा रिकामी राहत नाही. पलीकडच्या वाडीतला, लस न टोचलेला तिथे येतो.

भागाकाराचे उत्तर पाहायला फार लांब जायला नको. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून दशकभर घरोघरी आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. पाळलेले हातात धरून, मोकाट जाळ्याने पकडून, प्रत्येकाची मोबाइलवर नोंद करून. शाळांतून मुलांना शिकवले. संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी ठेवला आणि खबर आली की पथक पाठवले. ७० टक्के कुत्र्यांना लस हे उद्दिष्ट होते, कारण तेवढे झाले की विषाणूला पुढचा कुत्रा सापडत नाही. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथल्या कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी केंद्राने २०३०पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा आणला. सिंधुदुर्गात एक सोय अशी आहे, की शेजारच्या राज्यात हे कसे केले ते पाहून यायला एक दिवस पुरतो. आणि गोव्याला आपली गरज आहेच, कारण कुत्रा नाक्यावर थांबून कागद दाखवत नाही.

पुन्हा घरच्या वहीकडे येते. ३२ हजार सगळ्यांना झेपणार नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा माणसांच्याच औषधांना लोक उधारी मागतात. मग कुत्रा पाळू नये का? पाळावा, पण कोणता खर्च गाळता येतो आणि कोणता नाही, हे आधी ठरवावे. जेवण घरातल्या भाता-मासळीवर भागते, फक्त शिजलेले काटे आणि खारे सुके मासे देऊ नयेत. पट्टा जुन्या दोरीचा चालतो. एकत्रित लस शक्यतो द्यावीच. त्यात लेप्टोस्पायरोसिसचाही भाग असतो, आणि पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण पाहणाऱ्या या जिल्ह्यात त्याचे महत्त्व मला सांगायला नको. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जंगलालगत राहणाऱ्यांनी गोचिडांचे औषध गाळू नये, कारण माकडताप गोचिडांतूनच येतो आणि रानात हिंडणारा कुत्रा ते अंगावर घेऊन घरात येऊ शकतो.

दोन गोष्टी अजिबात गाळायच्या नाहीत. पहिली, रेबीजची लस: तीन महिन्यांचे झाल्यावर एक, महिन्याने दुसरी, मग दरवर्षी. आता जन्मलेली पिल्ले साधारण आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास तीन महिन्यांची होतील. तारीख लक्षात ठेवायला एवढे पुरे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. तिथले शुल्क नाममात्र असते, लसीची कुपी कधी कधी बाहेरून आणावी लागते. दुसरी, मादीची नसबंदी. वहीत ही नोंद मोठी दिसते म्हणून लोक पुढे ढकलतात. मग वर्षात चार-सहा पिल्ले होतात, त्यांतले नर कोणीतरी नेतो आणि माद्या खोक्यात भरून बाजारामागे सोडल्या जातात. टिपूच्या खोक्यात त्याच्याबरोबर तीन बहिणी होत्या.

आणि तोपर्यंत, लस न झालेले पिल्लू चावले किंवा ओरखडले तर पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण, राज्य पातळीवरचा कबड्डीपटू रेबीजने गेला. गटारात अडकलेल्या पिल्लाला वर काढताना त्याच्या बोटाला दात लागला होता आणि त्याने ते किरकोळ मानले. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. चुना, हळद, तंबाखू, मिरची काही भरायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालयात यायचे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे ते लस सुरू करून, लस थांबवून नव्हे. पोटातली चौदा इंजेक्शने देशात २००४ सालीच बंद झाली, तरी त्यांची भीती अजून केसपेपरच्या खिडकीपाशी ऐकू येते. आताची सुई दंडात असते आणि मुले फारशी रडतही नाहीत.

देवबागचा मुलगा काल सातव्या दिवसाच्या सुईला आला होता. आजीसकट सातही जण हजर. सुई टोचून झाल्यावर त्याने मला विचारले, दुसरे पिल्लू आणले तर चालेल का. मी वडिलांकडे पाहिले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कुत्र्याक लस खंय मारतत, ता लिवन देवा." मी केसपेपरच्या मागे लिहून दिले.