समुद्री शेवाळाचा स्टिकर: नाव एक, माल वेगळा

कांद्याच्या पातीवर किंवा कोबीच्या पानावर नुसते पाणी फवारले तर थेंब घरंगळून खाली येतात. पानावर मेणचट थर असतो. तो ओला व्हावा म्हणून आपण टाकीत स्टिकर घालतो. कीटकनाशकाचे नाव आणि मात्रा बारकाईने विचारतो, स्टिकर मात्र दुकानदार देईल तो.

स्टिकरमधले मुख्य रसायन म्हणजे सर्फेक्टंट. त्याच्या रेणूला पाण्याकडे ओढ असलेले डोके आणि मेणाकडे ओढ असलेली शेपटी असते. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा त्यातला जुना, स्वस्त प्रकार. तो अर्धवट कुजतो आणि मागे नोनिलफिनॉल उरते, जे माशांच्या संप्रेरकांत बिघाड करते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून टॅलो अमाइन प्रकारचा सर्फेक्टंट हद्दपार केला.

म्हणून डोक्याच्या जागी साखर बसवायची कल्पना पुढे आली. साखरेला अल्कोहोल जोडण्याची कृती एमिल फिशर यांनी १८९३ मध्येच दाखवली होती. अल्किल पॉलिग्लुकोसाइड त्याच मार्गाने, मक्याच्या स्टार्चपासूनही बनते आणि ते सहज कुजते. फ्रान्समधील रेन येथील रसायनशास्त्रज्ञांनी मक्याऐवजी तपकिरी शेवाळातील अल्जिनेट घेतले. खाण्याच्या धान्याला हात न लावता आणि गोडे पाणी न लागता वाढणारा कच्चा माल, हे त्याचे खरे बळ. मात्र शेपटीसाठीचे फॅटी अल्कोहोल सहसा नारळ किंवा पाम तेलातूनच येते. तेव्हा ‘शंभर टक्के शेवाळ’ असा दावा दिसला तर जरा थांबा.

घोटाळा होतो तो नावात. आपल्याकडे दुकानात मिळणारा शेवाळ अर्क हा जैव-उत्तेजक आहे. २०२१ पासून तो खत नियंत्रण आदेशाखाली येतो. तो स्टिकर नव्हे. त्याने पान ओले होईल असे धरून चालू नका.

दुसरा प्रश्न आपल्या बोअरच्या पाण्याचा. कॅल्शियमशी गाठ पडताच अल्जिनेटची जेली होते. त्यापासून केलेल्या सर्फेक्टंटचा ऋणभारित प्रकारही क्षारयुक्त पाण्यात अडू शकतो. अल्किल पॉलिग्लुकोसाइडवर भार नसल्याने ते अशा पाण्यात चांगले टिकते. लेबलवर हे नाव किंवा ‘नॉन-आयनिक’ शब्द शोधा.

नवा स्टिकर घेतलात तर आधी काचेच्या बरणीत फवारणीचेच पाणी घ्या, लेबलवरील प्रमाणात सर्व मिसळून अर्धा तास ठेवा. गुठळ्या किंवा तळाशी साका दिसला तर ते मिश्रण पंपात भरू नका.