बिल्टी ज्याच्या हाती, दावा त्याचा

वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. वणीकडचा पट्टा सोडला तर आमच्या जिल्ह्याला ठाऊक होती ती मूर्तिजापूरची शकुंतला. इंग्रजी अमदानीत ती घातली गेली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. आता मोठी गाडी दाराशी येते आहे. हारतुऱ्यांचे काम पुढारी करतील. आम्हाला विचारायचे ते एवढेच, की गाडीत चढवलेला माल वाटेत भिजला, जळाला किंवा कमी भरला तर नुकसान कोणाच्या डोक्यावर?

आजवर हा प्रश्न आमच्यापुढे आला नाही, कारण बिल्टी आमच्या नावाची नव्हती. 1972 साली एकाधिकार खरेदी आली. केंद्रावर कापूस मोजला की पुढच्या गाठीशी आमचा संबंध संपे. त्यानंतर व्यापारी आला, तरी गत तीच. आता गावोगावच्या शेतकरी कंपन्या स्वतः रुई, तूर, ज्वारी बाहेर पाठवू पाहत आहेत. माल आमचा, बिल्टी आमची, म्हणून दावाही आमचा.

कायदा तसा वाईट नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे ताब्यात घेतलेल्या मालाची जबाबदारी रेल्वेवर आहे. अस्मानी संकट, युद्ध, आग असे काही अपवाद आहेत. पण तिथेही आपण वाजवी काळजी घेतली होती हे रेल्वेनेच सिद्ध करायचे असते. मग दावे बुडतात कुठे? बहुतेक मालधक्क्यावरच, सहीच्या वेळी.

माल देताना भरायच्या फॉर्मवर जोखीम कोणाची ते लिहावे लागते. मालकाच्या जोखमीचा दर कमी असतो. दोन्ही दर लागू असताना काहीच लिहिले नाही, तर माल मालकाच्या जोखमीवर गेला असे कायदा धरतो. मग रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. मालाची किंमत जाहीर करून जादा आकार भरला नाही तर भरपाईला मर्यादा पडते. 1990 च्या नियमांनी ती किलोला 50 रुपये ठरवली. रुईचा आजचा भाव त्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे गाठ पूर्ण जळाली तरी अर्धी किंमतही हाती येणार नाही.

दुसरी मेख बिल्टीत आहे. वॅगन आपल्या हमालांनी भरली आणि रेल्वेच्या बाबूने नग मोजले नाहीत, तर बिल्टीवर तसा शेरा पडतो. मग 200 पोती चढवली होती हे आपणच शाबीत करायचे. मोजणार नाही ते आणि पुरावा देणार आम्ही, हा कुठला न्याय?

माल उतरवताना गाठ ओली किंवा पोते फाटलेले दिसले, तर तसाच माल उचलू नका. ओपन डिलिव्हरी मागा. माल उघडून, मोजून, नुकसान लिहून देणे रेल्वेला कायद्याने बंधनकारक आहे. माल पोचल्यावर सात दिवसांच्या आत उचला. त्यानंतर जबाबदारी रेल्वेची राहत नाही.

भरपाईची लेखी नोटीस माल ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत रेल्वेला गेली पाहिजे. ती चुकली की दावा मेला. नोटिशीनंतर तीन महिने थांबावे लागते. तेवढ्यात रेल्वेने भरपाई दिली नाही, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. त्याची मुदत माल दिल्यापासून तीन वर्षे. 1987 च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायाधिकरण नोव्हेंबर 1989 पासून काम करते. असे दावे आता दिवाणी कोर्टात चालत नाहीत. आपल्याला जवळचे पीठ नागपूरला आहे. तिथे एक सदस्य न्यायिक आणि एक रेल्वेच्या कामाचा जाणकार असतो. वकील लावण्याची सक्ती नाही, स्वतः उभे राहता येते. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येते.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत असे आम्हाला वाटते. पहिला रेल्वेसाठी: यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक मालधक्क्यावर नग मोजून, तसे लिहूनच बिल्टी द्या. दुसरा आपल्यासाठी: माल पाठवणाऱ्या प्रत्येक गटाने एक लिहिता-वाचता माणूस नेमावा. फॉर्म तो वाचील, बिल्टी तो सांभाळील, सहा महिन्यांची तारीख तो भिंतीवर लिहून ठेवील. कोऱ्या कागदावर सही करण्याची सवय सावकाराने आपल्याला लावली. ती मालधक्क्यावर नेऊ नका.