मैदानावर माठ हवा



या वेळी भित्तिपत्रकात सगळ्यांनी पाऊस, झाडे आणि माझी आई यावर लिहिले आहे. मी पाण्यावर लिहिते. पण विहिरीच्या नाही, अंगातल्या पाण्यावर. माझे मत असे आहे की खेळताना मुलांना पाणी पिऊ दिले पाहिजे. खेळ संपल्यावर नाही, मधेच.

आमचा मुलींचा खो-खोचा संघ आहे. ऑक्टोबर महिन्यात दुपारच्या सुट्टीनंतर आमचा सराव होता. ऊन किती होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सराव घ्यायला गावातले एक दादा येत. ते चांगले शिकवतात, खो कसा द्यायचा, वळायचे कसे. पण ते म्हणाले, खेळ संपेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, पोट जड होते, दम लागतो. आम्ही ऐकले. तिसऱ्या डावात माझ्या बाकावरची मैत्रीण पळता पळता थांबली. तिचे डोके दुखत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. बाईंनी तिला लिंबाच्या सावलीत नेले, ओले फडके कपाळावर व मानेवर ठेवले आणि घोट घोट पाणी पाजले. थोड्या वेळाने ती बोलायला लागली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या आईने संघातून तिचे नाव काढले. म्हणाल्या, खेळाने पोरगी आजारी पडली.

मला हे पटले नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले की पळताना अंगात होते तरी काय.

गुरुजी म्हणाले, आपले स्नायू काम करतात तेव्हा रुपयातले जेमतेम चार आणे पळण्याला लागतात. बाकीचे बारा आणे नुसती उष्णता होते. (चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, मला आजोबांना विचारावे लागले.) ही उष्णता बाहेर गेली नाही तर अंग तापतच जाईल. ती बाहेर काढतो घाम. आपल्या कातडीत घामाच्या वीस लाखांहून जास्त ग्रंथी असतात. मला आधी वाटायचे घाम म्हणजे नुसती घाण. पण आपला माठ बघा ना. तो पाझरतो, बाहेरचे पाणी वाऱ्याने वाळते, आणि वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार. प्लास्टिकच्या घागरीला घाम येत नाही, तिच्यातले पाणी कोमटच राहते. आपण म्हणजे पळणारे माठच की! पण माठात पाणी भरलेच नाही तर तो पाझरणार काय?

आता हृदयाचे सांगते. ते आपल्या मुठीएवढे असते. मी घड्याळ लावून मनगटावरची नाडी मोजली. बसलेली असताना १५ सेकंदांत २२ ठोके पडले. चारने गुणले की मिनिटाला ८८. मैदानाला तीन चकरा मारल्या आणि परत मोजले तर ४१, म्हणजे १६४. जवळजवळ दुप्पट! कारण पायांच्या स्नायूंना प्राणवायू पोचवायचा असतो, तो रक्तातूनच जातो. आणि उन्हात तेच रक्त कातडीकडेही पाठवावे लागते, अंग गार करायला. एकाच पाटाचे पाणी दोन वाफ्यांना द्यायचे. घाम जातो तो रक्तातल्या पाण्यातूनच, म्हणजे पाटाचे पाणी कमी होत जाते आणि हृदयाला आणखी घाई करावी लागते. माझ्या मैत्रिणीला अंधारी आली ती अशी. खेळामुळे नाही. पाटाला पाणी नव्हते म्हणून.

दादांचे अगदीच खोटे आहे असे नाही. एकदम तांब्याभर पाणी ढोसून पळाले तर पोटात डुचमळते आणि कुशीत दुखते. मी करून पाहिले आहे. पण चार घोट घेतले तर काही होत नाही. तेही करून पाहिले.

गुरुजींनी मोबाईलवर एक शर्यत दाखवली. १९८४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला ऑलिंपिक झाले, त्यात बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होती. ४२ किलोमीटर! स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस यांचे पाणी घ्यायचे शेवटचे ठिकाण चुकले. शेवटच्या फेरीत त्या वाकड्यातिकड्या चालत होत्या. डॉक्टर जवळ आले, पण हात लावला असता तर त्या बाद झाल्या असत्या, म्हणून त्या बाजूला सरकल्या. डॉक्टरांनी पाहिले की यांना अजून घाम येतो आहे, म्हणजे अंगात थोडे पाणी शिल्लक आहे, म्हणून जाऊ दिले. त्या एका फेरीला पाच मिनिटांवर वेळ लागला. त्यांचा ३७ वा नंबर आला आणि त्या बऱ्याही झाल्या. बघताना आमच्या वर्गात कोणी बोलत नव्हते.

आमचे बाबा दुपारी औत सोडले की बैलांना सावलीत उभे करतात, दम खाऊ देतात आणि पाणी दाखवतात. बैलाला कोणी म्हणत नाही की शेत संपेपर्यंत पाणी नाही.

अजून एक. आम्ही मुली सकाळपासूनच पाणी कमी पितो. का, ते आयांना न सांगता कळेल. मैदानाकडच्या संडासाच्या दाराची आतली कडी तुटली आहे. ती बसवली तर माठाचा उपयोग होईल, नाहीतर माठ भरलेलाच राहील.

माठ आमच्या घरी एक जादा आहे. आजी द्यायला तयार आहे, फक्त म्हणाली की फोडू नका. लिंबाखाली ठेवता येईल. भरायची पाळी मी लावीन. मैत्रिणीच्या आई आज मेळाव्याला येणार आहेत आणि हा कागद मी मुद्दाम दाराजवळ लावायला सांगितला आहे. काकू, खो-खोला नऊजणी लागतात. सध्या आम्ही आठच आहोत.

— खो-खो संघातील एक मुलगी, इयत्ता ४ थी