मोहल्ल्याच्या गटाची कंपनी करायची का?

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचं छोटं स्थानक. अलीकडे देहूरोड, पलीकडे घोरवाडी. इथला आमचा गटही छोटाच, पंधरा-सोळा जणांचा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला सोबत जायचं, दहावीच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवायचं, एवढंच काम. गटाला नाव नाही, शिक्का नाही. लोक देतात ते पैसे चार वर्षांपासून एका साथीच्या मोबाइल नंबरवर येतात आणि हिशेब शंभर पानी वहीत लिहिला जातो.

यंदा रमजानमध्ये देणगी नेहमीपेक्षा जास्त आली आणि त्या साथीच्या बँकेने त्याला बोलावून विचारलं, हे पैसे कसले? पैसे त्याचे नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण कागदावर ते त्याचेच आहेत. उद्या आयकरवाल्यांनी विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागेल. त्याने बैठकीत वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं, आता माझ्याकडून होणार नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

मग एका ओळखीच्या कर सल्लागाराने सुचवलं, कलम ८ ची कंपनी काढा. सगळं ऑनलाइन होतं, दोन माणसं पुरतात, नावापुढे ‘फाउंडेशन’ लागतं आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांचा सीएसआर निधी मिळतो. तरुण साथी खूश झाले. माझं मत वेगळं आहे. नोंदणी करावी, आता टाळता येणार नाही. पण कंपनी नको.

कंपनीची बाजू आधी नीट मांडतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली (१९५६ च्या जुन्या कायद्यात हेच कलम २५ होतं) नफा न वाटणारी कंपनी काढता येते. किमान भांडवलाची अट नाही. कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते, त्यामुळे खातं, करार, भाड्याची खोली सगळं तिच्या नावावर. संचालक बदलला की एक ऑनलाइन अर्ज भरायचा, कोणाच्या मागे धावायला नको. हिशेब सरकारी संकेतस्थळावर असतो आणि शुल्क भरून कोणीही पाहू शकतो. देणगीदाराला याचं अप्रूप वाटतं, आणि ते योग्यच आहे.

आता खर्चाचं बघू. उलाढाल पाच हजारांची असो की पाच कोटींची, लेखापरीक्षण सक्तीचं. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र असे दोन अर्ज वेगवेगळे भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे रोजचे १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही अर्ज एक वर्ष राहून गेले तर ७३,००० रुपये होतात. आमच्या गटाचा वर्षाचा सगळा खर्च याच्या निम्माही नाही. सलग तीन वर्षं विवरणपत्रं गेली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, म्हणजे दुसऱ्या कंपनीतही त्यांना संचालक होता येत नाही. आमच्यातल्या दोघांचं वय तेवीस. मोहल्ल्यातल्या मुलांना गणित शिकवण्याबद्दल त्यांच्या कपाळी हा शिक्का बसावा का?

सीएसआरची आशा तर अर्धवट माहितीवर उभी आहे. २०२१ पासूनच्या नियमांनुसार असा निधी घेणाऱ्या स्वतंत्र संस्थेला आयकराच्या १२-ए आणि ८०-जी च्या नोंदण्या लागतात, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आज काढलेल्या कंपनीला उद्या कारखान्याचा धनादेश मिळणार नाही. आणि तीन वर्षं थांबायचंच असेल तर सोसायटी किंवा न्यासालाही हाच रस्ता खुला आहे.

पण माझा खरा आक्षेप पैशांचा नाही. दोन माणसांत कंपनी होते, ही तिची सोय आहे आणि धोकाही तोच. ज्यांच्या डिजिटल सह्या, त्यांची संस्था. बाकीचे चौदा जण ‘स्वयंसेवक’. आज त्या दोघांवर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न पाच वर्षांनंतरचा आहे, भांडण झालं तर दाद कुठे मागायची? कंपनीचा सदस्य असाल तर मुंबईला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, वकील लावून. सदस्यच नसाल तर कुठेच नाही.

सोसायटीला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, आणि दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. सर्वसाधारण सभा, निवडून आलेली कार्यकारिणी, वर्गणी भरणारा सदस्य. तक्रार असेल तर अर्ज पुण्याच्या कार्यालयात, लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परत.

याचे तोटे मोहल्ल्यातल्या कोणाला सांगायला नकोत. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि कोणी हरकत घेतली की तो वर्षानुवर्षं पडून राहतो. एक संस्था, दोन अध्यक्ष आणि गोठलेलं बँक खातं हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे सगळं मान्य करूनही मी सोसायटीच्या बाजूने आहे, कारण तिथलं भांडण निदान चारचौघांत होतं.

काही ज्येष्ठांना भीती वाटते की न्यास झाला की वक्फ मंडळ येणार. मुस्लिमांनी स्थापलेला प्रत्येक सार्वजनिक न्यास वक्फ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा त्या भीतीपोटी कंपनीकडे पळायचं कारण नाही.

त्यापेक्षा उद्देशाच्या कलमात काय लिहितो यावर डोकं लावू या. ‘मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहिलं की धर्मादाय संस्थेची करसवलत अडचणीत येते, कारण विशिष्ट धर्मसमुदायाच्याच लाभासाठी असलेल्या धर्मादाय संस्थेला आयकर कायदा ती देत नाही. ८०-जी चंही तेच. पुण्यात आझम कॅम्पस चालवणाऱ्या संस्थेचं १९४८ पासूनचं नाव बघा: महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी. आमच्या गणिताच्या वर्गात तरी कुठे सगळी मुलं एका धर्माची आहेत? जे करतो तेच कागदावर लिहायचं आहे.

मात्र यातून जकातीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. बहुतेक देणाऱ्यांची समजूत अशी की जकात गरजू मुस्लिमाच्याच हाती गेली पाहिजे. तो पैसा सर्वांसाठीच्या संस्थेच्या खात्यात घेतला तर एकतर देणाऱ्याचा विश्वास मोडतो नाहीतर आपण लिहिलेलं कलम. माझं मत असं की संस्थेने जकात घेऊच नये. ज्याला द्यायची त्याने स्वतः द्यावी, आपण फार तर गरजू घर दाखवावं. यावर बैठकीत वाद झाला, अजून मिटलेला नाही.

नोंदणी होईपर्यंत काम थांबवायची गरज नाही. नोंदणी नसलेल्या गटालाही स्वतःचा पॅन काढून ठरावाच्या आधारे बँकेत खातं उघडता येतं. बँका कंटाळा करतात, दोन-तीन खेपा होतात. पण दोन सह्यांचं खातं झालं की त्या साथीचा मोबाइल नंबर मोकळा होईल. हे काम आधी.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला, तेव्हा मुस्लिम सत्यशोधक मंडळ जन्माला यायचं होतं. ते पुण्यात स्थापन झालं २२ मार्च १९७० ला. आधी रस्ता, मग मंडळ. सोसायटीलाही सातच जण लागतात, हा योगायोग मला बरा वाटतो.

पुढच्या रविवारी बैठक आहे. नोंदणीच्या पत्त्यासाठी घरमालकाचं संमतिपत्र हवं, ते अजून कोणी देऊ केलेलं नाही. आणि सह्या करणाऱ्यांची पहिली यादी माझ्याकडे आली, त्यात सातही पुरुष आहेत. रोज संध्याकाळी वर्ग घेणाऱ्या चौघींपैकी एकीचंही नाव नाही. ती यादी मी परत पाठवली आहे.