गरम पाणी आणि तिसरी तार



गेल्या हिवाळ्यात रियाधहून सुट्टीवर आलेला भाचा म्हणाला, "मामू, नानीच्या गुडघ्यांसाठी गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवू या. खर्च माझा." बुवापाड्यातले आमचे घर दोन खोल्यांचे, वर लहानशी गच्ची. मास्तरकीच्या सवयीने आम्ही वही उघडली.

टबात हजार लिटर पाणी धरले तर एक टन वजन नुसत्या पाण्याचेच. ते 25 अंशांवरून 38 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 15 युनिट वीज. 3 किलोवॅटचा हीटर असला तरी पाच तास. भाचा हसला, "मग गिझर तरी घेऊ." 25 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण एक युनिट पुरते, म्हणजे 2 किलोवॅटच्या गिझरला अर्धा तास. अम्मीच्या फज्रच्या वुजूला आणि गुडघे शेकायला तेवढे भरपूर. गिझर ठरला.

मग वीजबिल काढले. त्यावर 'मंजूर भार' 1 किलोवॅट. एकटा गिझरच त्याच्या दुप्पट. शिवाय फ्रिज, पंखे आणि 1000 वॅटची इस्त्री. आपण गुपचूप भार वाढवला की मीटर आणि खांबावरून येणारी तार तापते, शेजाऱ्यांचे दिवे मंद होतात. म्हणून आधी महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज केला.

वायरमन म्हणाला, "मास्तर, मशीनच्या सॉकेटमध्येच लावू का?" आम्ही भागाकार केला : 2000 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. 3 किलोवॅटचा गिझर असता तर 13. दिव्या-पंख्याच्या 6 अँपिअरच्या सॉकेटचे हे काम नव्हे. गिझरला बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी : किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 16 अँपिअरचे सॉकेट, 16 अँपिअरची एमसीबी आणि न्हाणीघराबाहेर स्विच.

नवी लाइन ओढण्याआधी वायरमनने मशीनचे जुने सॉकेट उघडून पाहिले. वरचे मोठे भोक होते, पण त्याच्यामागे तारच नव्हती! ओल्या हाताने मशीनला हात लावला की मुंग्या येतात, असे अम्मी दोन वर्षे सांगत होती. आम्ही म्हणायचो, "मशीन जुनी झाली." वर्गात मुलांना सुवाहक आणि दुर्वाहक शिकवणाऱ्या आम्ही घरातली तिसरी तार कधी तपासलीच नव्हती. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

अनेकांना वाटते, एमसीबी आहे ना, मग भीती कसली? एमसीबी तार जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून अर्धा अँपिअर वीज गेली तरी जीव जाऊ शकतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी हवी, 30 मिलिअँपिअरची. गेलेली आणि परतलेली वीज जुळली नाही की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला नाही तर ती बदलावी. ती बसवली तरी अर्थिंग हवेच. अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधू देऊ नका, सॉकेटमध्ये न्यूट्रलला जोडू देऊ नका. आम्ही दाराजवळ जमिनीत स्वतंत्र अर्थिंग करून घेतले. परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी झाल्यावरच गिझर सुरू केला.

या सगळ्याला गिझरच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च आला. भाचा कुरकुरला, "दिसतही नाही असा खर्च!" अम्मीने मात्र मशीनवर ओला हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "आता मुंग्या येत नाहीत."

भगिनींनो, घरात नळाला, मशीनला किंवा गिझरला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ती वस्तू आजच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तोवर चुलीवरचे पाणी बरे. आणि घरातली म्हातारी माणसे काही सांगत असतील तर, आमच्यासारखे दोन वर्षे न थांबता, ऐका.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.