खाते कुणाचे, पैसा कुणाचा?

हैदराबादच्या निजामाच्या लंडनमधल्या पैशांचा विषय निघाला, की एक शेरा हमखास ऐकू येतो: सत्तर वर्षे खटला चालला, पोट भरले ते वकिलांचे. मालमत्तेचे दावे लढणारे बॅरिस्टर म्हणजे धनवंतांचे भाडोत्री आणि शब्दांचा कीस काढून तारखा वाढवणारे, असा त्यामागचा आरोप. तो मला साफ अमान्य आहे, आणि खंडनाला हाच खटला पुरेसा आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने भारतीय फौजांपुढे हार मानली. तीनच दिवसांनी त्याच्या सरकारचे 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त रहिमतुला यांच्या खात्यावर वळते झाले. हे काम निजामाचे अर्थमंत्री मोईन नवाज जंग यांनी केले होते. आठवडाभरात निजामाने कळवले, माझी परवानगी नव्हती, पैसे परत करा. बँकेने ते दिले नाहीत.

1954 साली निजामाने दावा लावला. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो रोखला, कारण सार्वभौम राष्ट्राला त्याच्या संमतीवाचून कोर्टात खेचता येत नव्हते. पैसा कुणाचा, या प्रश्नाला हातच लागला नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे खटला कोर्टात उभाच नव्हता. 2013 मध्ये पाकिस्ताननेच दावा आणला, सार्वभौमत्वाचे ते कवच गळून पडले आणि सहा वर्षांत निकाल लागला. उगाच तारखा मागणाऱ्या वकिलांची मला तरफदारी करायची नाही. या विलंबाचे खापर मात्र त्यांच्या माथी फोडता येत नाही.

आता तो कीस. पाकिस्तान म्हणत होते, ही शस्त्रांची किंमत होती. नाहीतर भारताच्या हाती पडू नये म्हणून आमच्याकडे दिलेली रक्कम. न्या. मार्कस स्मिथ यांच्यापुढे 1948 चे कागद एकेक करून उलगडले गेले. शस्त्रांचा आणि या रकमेचा संबंध शाबीत झाला नाही. 2 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल आला: खाते रहिमतुलांचे असले, तरी पैशावरचा हक्क सातव्या निजामाचा, म्हणून आता त्याच्या वतीने दावा सांगणाऱ्या भारताचा आणि त्याच्या नातवांचा. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. खातेदार आणि मालक हा फरक कुणी चिवटपणे मांडला नसता, तर ज्याच्या हाती पासबुक तोच धनी ठरला असता.

‘हे सगळे राजेरजवाड्यांचे,’ असे कुणी म्हणेल. पण मराठवाड्यातल्या कुळाचा हक्क शाबीत करायला आजही 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आणि उर्दूतले जुने कागद धुंडाळावे लागतात. आणि हैदराबादच्या कोकापेटला फ्लॅट बुक करणाऱ्या नांदेडच्या पोराचे काय? त्याने बिल्डरला दिलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकाम यांवरच खर्चावेत, असे 2016 चा रेरा कायदा सांगतो. खाते बिल्डरच्याच नावाचे असते. त्या पैशाला पाय फुटले, तर पोराच्या वकिलाला हाच कीस काढावा लागेल.