'सॉरी' म्हणजे क्षमा नव्हे

इंग्रजीतील एक शब्द आपल्या घराघरांत असा मुरला आहे की, तो परका आहे याचे भानही कुणाला उरलेले नाही. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. शेजारी कुणाचे निधन झाले, तरी सॉरी. भावाभावांत वाडवडिलांच्या जमिनीवरून दहा वर्षे अबोला असतो. तोही कुणा नातलगाच्या लग्नमांडवात 'बरं बाबा, सॉरी' एवढ्यावर मिटवला जातो आणि वर्षभरात पुन्हा डोके वर काढतो. मग लोक नवल करतात. आम्हांला त्याचे यत्किंचितही नवल वाटत नाही. जो शब्द धक्क्यालाही चालतो आणि दगाबाजीलाही चालतो, तो दगाबाजीच्या वेळी तोकडा पडणारच.

आमचे भांडण इंग्रजीशी मुळीच नाही. उलट, इंग्रजीच्या दुकानात या एका भावनेसाठी किती परींचे माल आहेत, हे आपल्या लोकांनी पाहावे असा आमचा आग्रह आहे. 'सॉरी' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'जखम, ठणका' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे तो बोलणाऱ्याच्या दुखण्याविषयी बोलतो; समोरच्याकडे काही मागत नाही. 'रिग्रेट' म्हणजे घडले ते घडायला नको होते, ही हळहळ. तिच्यात दोष कुणाचा हे गुलदस्त्यात राहू शकते. 'अपॉलॉजी' म्हणजे चुकीची उघड कबुली. मात्र मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बचावाचे भाषण' असा होता. कार्डिनल न्यूमन यांनी १८६४ साली आपल्या आत्मचरित्राला 'अपोलोगिया' असे नाव दिले, ते याच जुन्या अर्थाने. 'रिमॉर्स' या शब्दाच्या पोटात 'पुन्हा पुन्हा चावणे' हा लॅटिन अर्थ आहे, आणि 'कंट्रिशन' म्हणजे अंतःकरणाचे भरडून पीठ होणे. इतक्या पायऱ्यांपैकी आपण फक्त सर्वांत खालची उचलून आणली आणि तिलाच जिना समजून बसलो.

शब्दांचा असा कीस काढणे हा रिकामटेकड्या पंडितांचा उद्योग आहे, असे कुणी म्हणेल. त्यांनी जगाकडे पाहावे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक मृत्यू पावला. अमेरिकेचे २४ जण चीनच्या ताब्यात गेले. त्यांच्या सुटकेची वाटाघाट अखेर शब्दावर येऊन ठेपली. अमेरिकेने पत्रात 'व्हेरी सॉरी' असे दोनदा लिहिले, पण ही माफी नव्हे असे स्वदेशात सांगितले. चीनने आपल्या जनतेला ती माफी म्हणूनच ऐकवली. एकाच पत्राचे दोन अर्थ होऊ शकले, कारण त्या शब्दाला ठाम आकारच नाही.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. तेथील आदिवासींची मुले सरकारी धोरणाने आईबापांपासून हिरावून घेतली गेली होती. त्याबद्दल १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खेदाचा ठराव मांडला. पण 'सॉरी' म्हणायचे त्यांनी निश्चयाने टाळले. तो शब्द १३ फेब्रुवारी २००८ रोजी केविन रड यांनी उच्चारला, तेव्हा माणसे ढसाढसा रडली. तिथे 'सॉरी' वजनदार ठरला, कारण तो देशाच्या वतीने, अपराधाचे नाव घेऊन आणि ज्यांचा अपराध झाला त्यांच्या तोंडावर म्हटला गेला. आणि आपल्या जालियनवाला बागेचे काय? ब्रिटिशांच्याच आकड्यानुसार १३ एप्रिल १९१९ रोजी तेथे ३७९ माणसे मारली गेली. शंभर वर्षे भरायला तीन दिवस असताना पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. माफी मात्र मागितली नाही. खेद आणि माफी यांतील अंतर राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक असते; म्हणूनच ते एक देतात आणि दुसरे राखून ठेवतात.

हे अंतर ख्रिस्तसभेलाही चालून जावे लागले आहे. कॅनडातील निवासी शाळांत आदिवासी मुलांचा छळ झाला. त्यांतील कित्येक शाळा कॅथलिकांनी चालविल्या होत्या. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आदिवासींच्या शिष्टमंडळापुढे दुःख व्यक्त केले. २०१५ साली तेथील सत्यशोधन व समेट आयोगाने, पोपमहोदयांनी कॅनडात येऊन माफी मागावी अशी मागणी केली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस मास्क्वासिस येथे गेले आणि त्यांनी क्षमायाचना केली. काहींना तीही अपुरी वाटली. कारण दोष अनेक ख्रिस्ती व्यक्तींचा म्हटला गेला, संस्थेचा नाही. दुखावलेल्या माणसाचा कान किती तीक्ष्ण असतो, हे यावरून ध्यानी यावे.

आता आपल्या मायबोलीकडे वळू. विसरलेल्या निरोपाची चुटपुट लागते. दुसऱ्याच्या नुकसानीची हळहळ वाटते. करायचे राहून गेले त्याची खंत असते. गैरसोयीबद्दल दिलगिरी असते. अपराधाची माफी मागावी लागते. पश्चात्ताप हा शब्दच सांगतो की मागाहून पोळणे आहे. आणि क्षमा? संस्कृतात ते पृथ्वीचेही नाव आहे. जी सारे सोसते ती. म्हणून तर आपले वाडवडील 'अपराध पोटात घाला' असे म्हणत. या विनवणीत समोरच्याचे थोरपण मान्य केलेले असते आणि 'नाही' म्हणण्याचा त्याचा हक्कही. शेवटी 'कानाला खडा' लावला की प्रकरण पुढच्यासाठी बंद. 'सॉरी'ने ही सारी माणसे घराबाहेर काढली आहेत.

'शब्दाचे काय घेऊन बसलात, भावना महत्त्वाची', हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते आम्हांला मान्य नाही. 'चुकलं माझं' म्हणताना जीभ अडखळते आणि 'सॉरी' म्हणताना अडखळत नाही, यातच सर्व आले. अडखळण्याची ती जागा टाळण्यासाठीच परका शब्द पुढे केला जातो. भावना खरी असेल, तर तिला आपल्या भाषेची लाज का वाटावी?

आपल्या श्रद्धेने तर हा प्रश्न कधीच निकाली काढला आहे. १५५१ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने प्रायश्चित्त संस्कारात तीन गोष्टी मागितल्या: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. शिक्षेच्या भीतीने वाटणारे दुःख आणि देवप्रीतीमुळे वाटणारे दुःख यांतही तिने भेद केला. शुभवर्तमानातील जक्कय नुसते वाईट वाटल्याचे सांगून थांबला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. 'सॉरी' या एका शब्दात यांपैकी काय मावते?

धक्का लागल्यावर 'सॉरी' खुशाल म्हणावे. तेवढी त्याची लायकी आहे. पण जिथे कुणाचे मन, मान किंवा मालमत्ता दुखावली आहे, तिथे आईबापांनी मुलांकडून पुरते वाक्य वदवून घ्यावे: काय चुकले, कुणाचे चुकले, आणि आता काय करणार. आणि आधी ते वाक्य मुलांच्या कानी मोठ्यांच्या तोंडून पडावे. ज्या घरात बाप मुलासमोर 'माझं चुकलं' म्हणू शकतो, त्या घरातील मुलाला क्षमेचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागणार नाही.